बोटाएवढ्या माणसांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी उरलेलेच नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पोटातल्या गाठीबद्दलही त्यांनीच सांगितले, आणि वर्ष काही पुरे होणार नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व मागची कामाची खोली, माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते घर व बँकेतली ठेव माझ्या पत्नीच्या हयातीत तिच्या शुश्रूषागृहाच्या खर्चासाठी राहावी. तिच्या पश्चात सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीचे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. मोरीतला नळ उलटा फिरतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. माझ्या धाकट्या भावाने चार लोकांत मला "म्हातारपणी बाहुल्या खेळतोय" असे म्हटले होते. त्याच्या तोंडातली खालची कवळी मी बनवलेली आहे. ती त्याने ठेवून घ्यावी. याशिवाय त्याला काही नाही.

३. शेजारच्या शिंपीणबाई या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही द्यायचे नसते म्हणे. म्हणून काही देत नाही. माझी बारीक कात्री त्या गेल्या महिन्यातच घेऊन गेल्या आहेत. ती कोणी परत मागू नये.

४. आता बोटाएवढी माणसे. एकूण एकेचाळीस.

मुलगी लहान असताना तिच्या खेळण्यांच्या डब्यात ही प्लास्टिकची माणसे होती. डोके फिरते, केस काढून बसवता येतात, हात कडीसारखे, काहीही अडकवावे. ती सासरी गेली आणि डबा माळ्यावर गेला.

माझी पत्नी एकतीस वर्षे सार्वजनिक ग्रंथालयात होती. जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या तिला तोंडपाठ. जेवताना ती मला गोष्ट सांगायची आणि मी अर्ध्यावर पेंगायचो. "तुमच्यापुढं वाचली गीता!" म्हणून ती ताट उचलायची. पुढे ती आधी गॅस विसरली, मग गल्ली विसरली, मग मला. पण पुस्तकातले एकही माणूस विसरली नाही.

म्हणून मी तो डबा खाली काढला. एकूण एक चेहऱ्यावर सारखेच छापील हसू होते, ते स्पिरिटने पुसले. कवळीच्या मसाल्यातून केस, दाढ्या, कुबडे घडवली. तीन केसांच्या ब्रशने तिच्या कादंबऱ्यांतल्या माणसांचे चेहरे काढले. खाणावळीची आंधळी मालकीण, एका पायाचा होडीवाला, स्वतःच्या लग्नातून पळालेला न्यायाधीश. कपडे शिंपीणबाईंनी शिवले. होडीवाल्याची विजार शिवताना त्या दोन दिवस हसत होत्या. दर मंगळवारी मी सहा जणांना खिशात घालून शुश्रूषागृहात नेतो, पत्नीपुढे मांडतो, आणि एरवी गप्प असलेली माझी बायको तासभर बोलते. कोण कुणाचा कोण, कुणी कुणाला फसवले, सगळे.

एकदा लाज सोडून एका नायकाला मी माझा चेहरा दिला. म्हटले, निदान त्या निमित्ताने ओळखेल. तिने तो उलटासुलटा पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "हा ह्यांच्यातला नाही." मला फार लागले ते. येताना बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेलो.

यांपैकी चाळीस जण माझ्या पश्चात पत्नीजवळ ठेवावेत. तिच्यामागे मुलीकडे जावेत. मूळ मालकी तिचीच आहे.

५. एकेचाळिसावी बाहुली मोलकरणीची. हे कलम मुलीसाठी आहे. बाळ, नीट वाच.

आईच्या आवडत्या कादंबरीत एक मोलकरीण आहे. बाईसाहेबांचे केस विंचरते, तापात त्यांच्या उशाशी बसते. पानोपानी तीच. मी ठरवले, हिला माझ्या मुलीचा चेहरा द्यायचा आणि आईजवळच ठेवायचे, म्हणजे लेक रोज आईच्या हातात राहील. तू लांब राहतेस, महिन्यातून एकदा यायचीस. वाटाण्याएवढ्या डोक्यावर तुझा गालावरचा तीळ काढला, तुझ्या जाड भुवया, तुझे आखूड केस. फोटो समोर घ्यावा लागला नाही.

पण ती कादंबरी मी वाचली नव्हती. जेवताना ऐकली होती, तीही अर्धीच. उरलेल्या अर्ध्यात ती मोलकरीण बाईसाहेबांचा चांदीचा चमचा चोरते आणि कायमची निघून जाते. हे मला, बाहुली आईच्या हातात गेल्यावर, तिच्याच तोंडून फार उशिरा कळले.

दोन वर्षांपूर्वी तू खोलीच्या दारात उभी राहिलीस आणि आई किंचाळली, "चोरटी! दे माझं! आधी दे!" तुझ्या लग्नाच्या गडबडीत आईची साखळी हरवली होती, ती कधी सापडली नाही, आणि त्यावरून आईने तुझ्याजवळ कधी चकार शब्द काढला नव्हता. बाहेर पायरीवर तू मला म्हणालीस, "बाबा, म्हणजे इतकी वर्षं आईच्या मनात हेच होतं?" आत आईच्या मुठीत मोलकरीण होती. मी पाहिली होती. मला तिथल्या तिथे सगळे उमगले. आणि मी तुला काय म्हणालो? "चल, चहा घेऊ."

त्यानंतर तू आली नाहीस.

का बोललो नाही? एक म्हणजे लाज. दुसरे, सांगितले असते तर ती बाहुली आईकडून काढून घ्यावी लागली असती, आणि आई सर्वांत जास्त तिच्याशीच बोलते. बायकोचा आवाज कानावर पडावा म्हणून मी लेकीला चोर ठरू दिले. तुला फोन लावायचो, तू "बोला बाबा" म्हणायचीस, आणि मी मोरीच्या नळाबद्दल बोलायचो. आईच्या मनात तुझ्याविषयी तसे काही नव्हते. कधीच नव्हते. माझा गुन्हा आहे हा, तिचा नाही.

माझ्या पश्चात ही बाहुली मोडून टाकावी. आणि तू आईकडे जा. बाकी सगळी कलमे खोडली तरी चालतील.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून त्यावर सही केली आहे.

(सही) कवळीवाला
साक्षीदार: १. डॉक्टर २. शिंपीणबाई
स्थळ: राहते घर. तारीख: सहा, गुरुवार.

पुरवणी

साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. शिंपीणबाईंनी सगळा वाचला. म्हणाल्या, "अहो कवळीवाले, हे मेल्यावर वाचायला देणार? तोवर त्या माउलीचं काय उरणार? काही वाटतं का जिवाला?" मी म्हणालो, वाटते म्हणूनच तर लिहिले. त्यांनी पाचव्या कलमाचा फोटो काढून मुलीला पाठवला. माझी परवानगी घेतली नाही.

चार दिवस मुलीचा फोन नाही. मंगळवारी ती शुश्रूषागृहात आली. माझ्याशी बोलली नाही. अजूनही नीट बोलत नाही, आणि त्यात तिची चूक नाही.

सबब, कलम पाचमधली बाहुली मोडण्याची सूचना मी रद्द करत आहे. बाहुली मुलीला द्यावी. कारण असे की, आई मुलीला पाहताच पुन्हा ओरडली, "चोरटी! दे माझं!" मी मधे पडायला उठलो. मुलीने हातानेच मला बसवले. पर्समधून एक चमचा काढला, साधा, स्टीलचा, आणि आईपुढे धरला.

"चुकलं, बाईसाहेब. परत आणलाय."

पत्नीने चमचा अभ्र्याला पुसला, उशीखाली सारला आणि तिच्याकडे पाहिले.

"किती वाळलीस गं. जेवलीस का?"

"नाही, बाईसाहेब."

"मग बस की."

मुलगी बसली. तिला आई म्हणायचे होते, मला दिसत होते. म्हणाली नाही. केस विंचरून दिले तिने आईचे.

(सही) कवळीवाला
साक्षीदार: वरील दोघेच. दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीवर पाणी पडले आहे, ती खाडाखोड समजू नये.
स्थळ: तेच. तारीख: बारा, बुधवार.