साहेब रिटायर झाले

आप्पा, आज कोर्टातून घरी आले ती चिडूनच. ज्यांच्याशी भांडून डोकं शांत व्हायचं, ते तुम्ही अकरा वर्षांपूर्वीच निघून गेलात, म्हणून हा कागद घेतलाय. कोरीटच्या एका आजींचं प्रकरण आहे, तुमच्यानंतर माझ्याकडे आलेलं. वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा. खालच्या कोर्टाने तो दिला, भाचे अपिलात गेले. यंदा कुठे युक्तिवाद संपत आला, तर जिल्हा न्यायाधीश साहेबांना साठ वर्षं पूर्ण. शाल, श्रीफळ, फोटो, झालं! आता नव्या साहेबांपुढे सगळं पहिल्यापासून.

मला सांगा, हे कुठलं गणित? जिल्ह्यातल्याने साठीला घरी जायचं, हायकोर्टातल्याने बासष्टला, दिल्लीतल्याने पासष्टला. दिल्लीच्या हवेत डोकं पाच वर्षं जास्त टिकतं का? नवे साहेब चाळिशीचे, हुशार, सात वर्षं वकिली केलेले, नियमात चोख बसतात. पण जमिनीच्या गटाचा नकाशा उलटा धरून बघत होते हो! मीच सरळ करून दिला. आणि तुम्ही? वकिलाला कुणी घरी धाडत नाही म्हणून ऐंशी पार करूनही उभे राहायचात. साहेब काय विचारतात ते तुम्हांला ऐकू यायचं नाही, मी मागून कानात ओरडायची, आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचात. त्यामुळे वयाची अट नकोच, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. याचाच जास्त राग येतो.

आज व्हरांड्यात आजींना सांगितलं, "साहेब रिटायर झाले, आजी. परत बोलावं लागेल." त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेबले साठ वरीस व्हयनात म्हनीसन घर धाडी दिनं. मी ऐंशीनी शे. मन्ही उमर कोन मोजस, ताई?" मी नियमाला शिव्या घातल्या. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी आणलेल्या शेंगा हातात दिल्या.

तेव्हापासून तुमचा तो व्हरांडा डोळ्यांपुढून हलत नाही. तुमची ज्युनियर म्हणून माझं पहिलंच वर्ष. नणंदेच्या लग्नाच्या खरेदीसाठी मी सहज तारीख मागून घेतली होती. तुम्ही फाइल मिटता आणि म्हणता, "तारीख कोर्टाकडे मागितलीस, आता पक्षकाराकडे जा. कुणी मागितली आणि कशासाठी, ते स्वतःच्या तोंडाने सांग." तो माणूस धडगावहून जीपने घाट उतरून आला होता. मी सांगते, तो सोडलेली भाकर पुन्हा फडक्यात बांधतो. मला रडू फुटलं होतं. तुम्ही चहासुद्धा विचारला नाहीत. त्यानंतर तारीख मागितली की सांगायला मीच जायची. तुम्ही गेल्यावरही जात राहिले.

हा कागद तुम्हांला पोचायचा नाही, म्हणून लिहायला धजते. निरोपाच्या तीन आठवडे आधी साहेब मला म्हणाले होते, "बाई, आज संपवा, म्हणजे जायच्या आत निकाल लिहून होईल." माझा अर्ध्या तासाचा युक्तिवाद उरला होता. मी तारीख मागितली, आप्पा; मिळाली ती त्यांच्या निरोपानंतरची. वकील संघाने साहेबांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे दिलं होतं, आणि ते त्या दिवशी छापायला जायचं होतं. आजींना मी एवढंच सांगितलं, साहेब रिटायर झाले.