साखर नॉर्मल आल्यामुळे बंद झालेल्या गोळ्यांबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय, जळकोट, जि. लातूर

अर्जदार : श्रीमती चांगुणाबाई किशनराव घोणसीकर, वय ७६, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. मौजे कवठजवळा, ता. जळकोट

विषय : मधुमेहाच्या रुग्णांच्या यादीत माझे नाव परत घेऊन गोळ्या सुरू करणेबाबत.

संदर्भ : प्राथमिक आरोग्य केंद्र, कवठजवळा येथील संगणकाने दि. २८/११/२०२३ रोजी दिलेला नकार.

महोदय,

१) हे सगळे घडले ते सन २०२३ मध्ये. त्याआधी पंधरा वर्षांपासून मला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक गोळी, असे माझे औषध. गोळ्या आमच्या गावच्या केंद्रातून दर महिन्याला मिळत. माझ्या शेजारीण बिलकीसबी यांनाही त्याच गोळ्या. आम्ही दोघी एकत्रच जात होतो, कारण एकीला ऐकू कमी येते व दुसरीला दिसते कमी.

२) दि. २२ ऑगस्ट २०२३, मंगळवार रोजी केंद्रात सर्व रुग्णांची तपासणी ठेवली होती. त्याची दवंडी दहा दिवस आधी फिरली. इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी अडतीस वर्षे नोकरी केली. सन १९७१ मध्ये लोहा तालुक्यातील शाळेत असताना डिपोटी साहेब तपासणीला येणार म्हटले की आठ दिवस आम्ही शाळा सारवत होतो, शेतात गेलेली मुले घरोघर जाऊन आणत होतो आणि पाढे येणारी मुले पहिल्या रांगेत बसवत होतो. तपासणी म्हणजे तयारी, हे माझ्या हाडात बसलेले आहे. ती सवय मला या वेळीही नडली.

३) मी दहा दिवस कारल्याचा रस घेतला. ज्वारीची भाकर व मेथीची भाजी, एवढेच खाल्ले. बिनसाखरेचा चहा प्याले. मारुतीच्या देवळापर्यंत दिवसातून तीन चकरा मारल्या. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा विसरणारी गोळी घड्याळ लावून घेतली. बिलकीसबींनाही हेच करायला लावले. त्या कुरकुरल्या, "अगे बाई, माणसाला दाखवायला नटतात, तू मशीनला दाखवायला नटून राहिलीस." पण त्यांनीही दहा दिवस शिरा खाल्ला नाही.

४) निकाल असा लागला : मी ९८, बिलकीसबी १०४. सिस्टर रुद्राणी मोठ्याने म्हणाल्या, "आजी, तुमची साखर तर माझ्याहून चांगली हाय की!" रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिला नंबर आल्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्या वेळी संगणकावर बसलेले श्री. रविकिरण यांनी आमच्या दोघींच्या नावापुढे 'बरे झाले' या रकान्यात खूण केली.

५) सप्टेंबरमध्ये गोळ्या आणायला गेलो तेव्हा यादीत आमची नावे नव्हती. श्री. रविकिरण म्हणाले, "बाई, मशीन नॉर्मल म्हणतंय. नॉर्मल माणसाला गोळ्या दिल्या तर नोटीस मला येईल." मी त्यांना सांगितले की साखर नॉर्मल आहे ती गोळीमुळे. फळा दिसतो म्हणून मुलाचा चष्मा काढून घेतला, तर पुढच्या तासाला त्याला फळा दिसेल काय? ते म्हणाले, चष्म्याचा विभाग वेगळा आहे.

६) जळकोटचा औषध दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही. चिठ्ठी केंद्राने द्यायची. केंद्र म्हणते, निरोगी बाईला चिठ्ठी कशाची? लातूरला मोठ्या दवाखान्यात जावे तर बसच्या पायऱ्या माझे गुडघे चढत नाहीत.

७) मग सिस्टर रुद्राणींनी मार्ग सुचवला की साखर वाढवून या, नाव पुन्हा घेऊ. अडतीस वर्षांत मी कोणत्याही मुलाला मुद्दाम नापास व्हायला सांगितले नाही. तरी दिवाळीत मी स्वतः तसे केले. अनारसे, करंज्या व शेजारून आलेली जिलबी खाल्ली. पाय जळजळू लागले, डोळ्यांपुढे अक्षरे फिरू लागली. मी समाधानाने दि. २१ नोव्हेंबरला केंद्रात गेले. तेथे तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पुढच्या मंगळवारपर्यंत साखर अशीच टिकवून ठेवा."

मी टिकवली. दि. २८ रोजी मशीनने २८७ दाखवले. परंतु संगणकात एकदा 'बरे झाले' अशी खूण झाली की तो रकाना परत उघडत नाही, असे दिसून आले. श्री. रविकिरण यांनी खरोखर अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी घाम पुसत म्हणाले, "बाई, तुम्हाला आजारी करायचा अधिकार मला न्हाई. तालुक्याला अर्ज करा." म्हणून हा अर्ज.

८) आता संबंधितांचे पुढे काय झाले ते आपल्या माहितीसाठी नमूद करते. चौतीस रुग्ण बरे केल्याबद्दल आमच्या केंद्राला प्रशस्तिपत्र मिळाले व ते बाहेरच्या खोलीत लावले आहे. त्या चौतिसांपैकी पुष्कळ जण मला बाजारात भेटतात. त्यांत बरा झालेला अजून एकही दिसला नाही. श्री. रविकिरण यांची औशाला बदली झाली. सिस्टर रुद्राणी लोह्याला गेल्या. जाताना माझ्या पाया पडून "आजी, माफ करा" म्हणाल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

बिलकीसबींनी मात्र त्या खुणेवर विश्वास ठेवला. बरे झाल्याचे पेढे वाटले, स्वतःही खाल्ले. चप्पल लागून पायाला फोड आला, तो भरला नाही. मुलगा अमान त्यांना नांदेडला घेऊन गेला. तेथे डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. आता त्या मुलाकडेच राहतात, गोळ्या वेळेवर घेतात आणि बऱ्या आहेत. कारल्याचा रस मी पाजला होता. तो पाजला नसता तर त्यांची खरी साखर दिसली असती, हे मला रोज आठवते.

९) तरी विनंती की,
अ) माझे नाव यादीत परत घ्यावे.
आ) चौतिसांपैकी उरलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याही गोळ्या परत सुरू कराव्यात.
इ) यापुढे तपासणी दवंडी न पिटता करावी. आमच्या वेळचे एक डिपोटी साहेब न सांगता येत. त्यांनाच शाळेची खरी स्थिती कळत असे.

१०) शेवटी एक गोष्ट, जी अर्जात लिहावी की नाही ते मला ठरवता आले नाही. रोज सकाळी नऊ वाजता बिलकीसबींचा नांदेडहून फोन येतो. "बाई, गोळी खाल्लीस का गं?" मी "खाल्ली" म्हणते. नाही म्हटले तर ती पाय तसाच घेऊन पहिल्या बसने इकडे येईल. वर्गात खोटे बोलणाऱ्या मुलांना मी उभे करत होते, आणि आता रोज सकाळी नऊला मी स्वतः खुर्ची सोडून उभी राहून बोलते. आपण लवकर निर्णय घेतल्यास मला बसून खरे बोलता येईल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
चांगुणाबाई कि. घोणसीकर
कवठजवळा, दि. ८ फेब्रुवारी २०२४

सोबत :
१. केंद्राचे जुने कार्ड, १५ वर्षांच्या नोंदींसह.
२. दि. २२/८/२०२३ ची ९८ ची चिठ्ठी.
३. दि. २८/११/२०२३ ची २८७ ची चिठ्ठी. (ही ग्राह्य धरावी.)