आठ सेंटिमीटर पाणी आणि रिकाम्या पोटाचे ढेकर

कवठे महांकाळ,
डिसेंबर १९९७

सातारा मुक्कामी लालासाहेब यांना हरिबाचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुम्हाला व्याही म्हणावे तर सुपारी अजून फुटलेली नाही, आणि नुसते पाहुणे म्हणावे तर तुमच्या घरी मी जे करून आलो ते पाहुण्याला शोभणारे नव्हते. म्हणून नावानेच लिहितो, राग मानू नये. बिरोबाच्या कृपेने इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे मेंढरे खुशाल आहेत, माणसांचे पुढे लिहितो. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, तो काळा चष्मा आता उतरला असेल. राहीबाई वहिनींचे गुडघे या थंडीत फार धरत नसतील अशी आशा आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत, तेही मेंढरांमागे जाता जाता झालेले, तेव्हा अक्षर आणि अक्कल दोन्ही सांभाळून घ्यावे.

तुमच्याकडून निरोप नाही. आम्हीही कोणत्या तोंडाने विचारावे? आमची नात उत्कर्षा काही बोलत नाही, पण पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की भाकरी तव्यावर तशीच टाकून दारात येते. परवा दोन करपल्या. तुमचा मल्हार तिच्या मनात भरला आहे हे भाकरीवरून मला कळले, आणि हे जमत आलेले लग्न मोडले तर ते माझ्या पोटामुळे मोडेल, हे विचार करकरून कळले. म्हणून लाज गुंडाळून सगळे खरे लिहीत आहे. (लाज पुरती गुंडाळता येत नाही, मध्ये मध्ये बाहेर येईल.)

पहिली लाज तुम्ही वहिनींना आणि मल्हारला घेऊन आमच्याकडे आलात त्या दिवसाची. उत्कर्षाचा बाप, म्हणजे माझा थोरला, पलटणीत लांब आसामला. त्याला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे घरचा कर्ता म्हणून पुढे बसणे माझ्याकडे आले. जाजम टाकले, चहा झाला, पोरगी पाया पडून आत गेली आणि मध्यस्थ गुंडाने बोलायला सुरुवात केली. गुंडा भला माणूस, पण त्याचे बोलणे म्हणजे मोटेचे चाक, सगळे एका सुरात. (मोटा गेल्या, मोटारी आल्या, गुंडा तसाच राहिला.) तो तुमच्या पणज्यापासून निघाला एवढे मला आठवते. डोळे उघडले तेव्हा सगळे गप्प, आणि तुम्ही काळा चष्मा लावून एकटक माझ्याकडे नजर रोखून बसलेले, हालचाल नाही, पापणीही दिसत नाही. मी किती वेळ झोपलो आणि कसकसे आवाज काढले हे बिरोबाला ठाऊक आणि माझ्या कुटुंबाला, हरणाबाईला. कोणीतरी काहीतरी विचारले असणार असे समजून मी घाईने म्हणालो, “मान्य हाय, मान्य हाय.” काय मान्य केले ते आजतागायत मला माहीत नाही. विचारले असते तर झोपलो होतो हे कबूल करावे लागले असते. तुमची ती नजर मात्र अजून मला टोचते.

तुमची जीप वळणाआड गेली तशी हरणाबाईने मला धारेवर धरले. ती म्हणाली, “आवं, घोरता घोरता मधीच गप पडता, मला वाटतंय गेलं म्हातारं, मग म्हशीगत फुरफुरून माघारी येता. म्या रोज कुकू पुसायचं का ठिवायचं, एकदाचं काय ते ठरवा.” आणि तिने मला मिरजेच्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी डोक्याला वायरी चिकटवून मला तिथेच झोपायला लावले आणि सांगितले की झोपेत माझ्या घशाची नळी मिटते, त्यामुळे श्वास अडतो, झोप मोडते आणि ती उरलेली झोप दिवसा भलत्या ठिकाणी येते. उपाय म्हणजे एक मशीन. ते नळीतून हवा सोडते, नळी नाकावरच्या मुखवट्याला जोडायची, पट्टे डोक्यामागे बांधायचे, आणि ती हवा घशाला आतून टेकू देते. माझा एक पुतण्या सोने-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात मद्रासला असतो, त्याने खटपट करून ते आणून दिले. मुखवटा लावून मी पहिल्यांदा बसलो तेव्हा ती सोंड बघून हरणाबाईने आधी हात जोडले आणि मग ओळखल्यावर रागाने खाली घेतले.

हे मशीन मी तुमच्यापासून लपवले, ही दुसरी लाज. मुलीच्या आज्याला सोंड लावून झोपावे लागते हे कळले तर तुम्ही म्हणाल रोग घराण्यात असेल, मुलीलाही असेल, उद्या नातवंडे सोंडेसकट जन्मतील. तुम्ही तसे म्हणाला नसता. मी असतो तर म्हणालो असतो, म्हणून भीती वाटली.

आता मुद्द्याचे. डॉक्टरांनी मशीनच्या मागचे झाकण उघडून आतला स्क्रू फिरवला, काटा बघितला आणि म्हणाले, तुमचे प्रेशर आठ. मी विचारले आठ काय? ते म्हणाले, आठ सेंटिमीटर पाणी. लालासाहेब, तुमच्याकडे कृष्णा-वेण्णा आहेत, तुम्हाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे पाण्याचे नाव निघाले की माणूस सावध होतो. हवा सोडणाऱ्या मशीनला पाणी कशाला, आणि द्यायचेच तर आठच सेंटिमीटर? एवढे तर शेळी वाडग्यात टाकून देते. शिवाय माझ्या बाकड्यावर शेजारी एक बागायतदार बसले होते, त्यांना बारा मिळाले. मला मनातून फार वाईट वाटले. द्राक्षवाला आहे, ओळखीचा असेल, म्हणून त्याला जास्त सोडले, आणि आम्हा माळावरच्यांना नेहमीसारखे कमी. डॉक्टरांनी बजावले होते की स्क्रूला हात लावू नका. तेही मला पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या बोलण्यासारखे वाटले, तोही चाकाला हात लावू देत नाही.

आठवर मी बरा झोपत होतो हे खरे आहे. पण तुमच्याकडून साताऱ्याला बैठकीचे बोलावणे आले. तिथे पुन्हा डोळा लागला तर? मी विचार करू लागलो, आणि मी विचार करू लागलो की हरणाबाई भांडी आवरून ठेवते. माझा विचार असा की मशीन लावले मिरजेत. मिरज नदीकाठची, सखल. तिथून दंडोबाचा डोंगर डाव्या हाताला ठेवून गाडी चढत चढत आमच्या माळावर येते. म्हणजे जे आठ सेंटिमीटर पाणी मिरजेत पुरते, ते एवढ्या चढावर कसे पुरेल? कृष्णेचे पाणी आमच्या माळावर आजवर फक्त भाषणात चढले आहे. त्यात शंका नको म्हणून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भाऊसोला विचारले. (सोंडेचे सांगितले नाही, एका पाहुण्याच्या पंपाचे आहे म्हणालो.) तो म्हणाला, “आवं अण्णा, ह्यात इचारायचं काय? हेड, म्हंजी चढ, वाढलं की प्रेशर वाढवायचं. न्हाईतर पाणी निम्म्यातनंच माघारी यील की!” त्याचे शास्त्र बरोबर होते. फक्त पाहुण्याचा पंप कुठला हे त्याला माहीत नव्हते.

बैठकीच्या आदल्या रात्री मी झाकण काढले आणि फवारणीच्या पंपाच्या पेचकसाने स्क्रू पिळला. काटा बाराच्या पुढे गेला तेव्हा मला बागायतदार आठवला आणि बरे वाटले. पुढे तो थांबेपर्यंत पिळला. त्या रात्री मुखवट्याच्या कडेने अशी हवा फुसफुसत होती की दारातले कुत्रे उठून शेजाऱ्याकडे झोपायला गेले. जी बाहेर गेली ती गेली, बाकीची माझ्या पोटात उतरली. सकाळी उठलो तो पोट डफासारखे ताणलेले. हरणाबाईने बोटाने वाजवून बघितले आणि म्हणाली की कोवळी ज्वारी खाऊन मेंढरू फुगते तशातला हा प्रकार आहे. औषधही तिने मेंढराचेच केले, गोडेतेल पाजले आणि चालवले. सातारा स्टँडवर ती मला गोल गोल चालवत होती आणि मागून कुशीवर थापा मारत होती. तुमच्या गल्लीतले एक गृहस्थ ते बघत उभे होते. ते तुम्हाला काय म्हणाले असतील ते असो, आम्ही भांडत नव्हतो.

मग तुमच्या ओसरीवर जे झाले ते तुम्ही पाहिलेच. माझ्या तोंडून ढेकर सुरू झाले, आणि बारीक नव्हते. तुम्ही “बसा” म्हणालात, ढेकर. पोराच्या नोकरीचे सांगितले, ढेकर. देवाचे नाव निघाले तेव्हा मी दाबून धरला, तो दुप्पट मोठा आला. आपल्यात जेवणानंतरचा ढेकर म्हणजे यजमानाला पावती. पण पान मांडायच्या आधीचा ढेकर म्हणजे आम्ही दुसरीकडे भरपेट जेवून आलो, तुमच्या घरचे नको. हे मला कळत होते, पण पोटाला कळत नव्हते. पुढे वहिनींनी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि मला एक घास आत ढकलवेना. तेव्हा तुम्ही हळूच विचारले, “वाटेत कुठं जेवून आलात काय, पाव्हणं?” लालासाहेब, तेव्हा खरे सांगायचे होते. मशीनचे नाव ओठांवर आले होते, पण आजारी दिसण्यापेक्षा जेवलेला दिसणे मला बरे वाटले, आणि मी हो म्हणालो. तुम्ही विचारले, कुणाकडे? साताऱ्यात मला तुमच्याखेरीज एकच घर ठाऊक होते, तेच तोंडातून निघून गेले. ते घर म्हणजे पलीकडच्या आळीतले, ज्यांच्या मुलाचे स्थळ गुंडाने तुमच्या आधी आम्हाला सांगितले होते. वहिनींच्या हातातली तुपाची वाटी तिथेच थांबली. मी ते पाहिले आणि पुन्हा ढेकर दिला.

आम्ही त्या घरी गेलो नव्हतो, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. पोटात होती ती नुसती हवा, तीही आमच्याच घरची.

माघारी येताना मिरजेला उतरून डॉक्टरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते इतके हसले की नर्स आत बघून गेली. मग त्यांनी समजावले, तेच तुम्हाला लिहितो. पाणी हे नुसते माप आहे, माल नव्हे. पायलीने ज्वारी मोजली म्हणून भाकरीत पायली येत नाही. नळीतले पाणी आठ सेंटिमीटर वर उचलून धरील एवढ्या जोराची हवा, इतकाच त्याचा अर्थ. चढाचे म्हणाल तर हिमालयात राहत असता तर तुमचे थोडे खरे होते, म्हणाले, दंडोबा त्यात धरत नाहीत. प्रेशर म्हणजे मान नव्हे की जास्त मिळाला तर मोठेपणा. ज्याचा घसा जेवढ्याने उघडा राहतो तेवढेच त्याचे प्रेशर. बागायतदाराची मान जाड आणि घसा अरुंद, म्हणून त्यांना बारा. त्यात त्यांची कसली चैन? टेकू दाराला पुरता असला म्हणजे झाले, जास्त ठोकला तर चौकट उखडते आणि हवा चुकीच्या वाटेने पोटात जाते. त्यांनी स्क्रू परत आठवर आणला आणि झाकणावर चिकटपट्टी लावून सही केली. तेव्हापासून मी शांत झोपतो, दिवसा जागा असतो, आणि जागा असल्यामुळे ही सगळी लाज आता दिवसभर पुरते.

तेव्हा माझ्या ढेकरांची शिक्षा पोरीला देऊ नये. मी तिच्या लग्नात मागच्या रांगेत बसेन, म्हणाल तर बसणारही नाही. वहिनींना सांगा की ती पुरणपोळी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही.

तुमचा,
हरिबा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात गुंडा वहिनींचा निरोप घेऊन आला, म्हणून जागा आहे तिथे लिहितो. पलीकडच्या आळीत वहिनी दुसऱ्याच दिवशी हळद मागायचे निमित्त करून जाऊन आल्या, आणि त्या घरी आम्ही फिरकलोच नव्हतो हे त्यांना तेव्हाच कळले. म्हणजे वरची निम्मी माफी मी फुकट मागितली. राहू द्या, लिहिलेले खोडवत नाही.

दुसरा ता. क. वहिनींनी आणखी सांगितले ते कसे लिहावे कळत नाही. आमच्या घरच्या बैठकीत काळ्या चष्म्याआड तुमचेही डोळे मिटलेले होते, असे त्यांनी दारातून बाजूने पाहिले. तुम्हीही घरी घोरता घोरता गप पडता आणि दचकून माघारी येता म्हणे. आणि तुम्ही निरोप पाठवत नाही ते रागाने नव्हे, तर त्या दिवशी आपण काय कबूल केले ते तुम्हाला आठवत नाही आणि विचारायची लाज वाटते म्हणून. लालासाहेब, मला त्या नजरेने एवढे दिवस छळले हो! तेव्हा माझी विनंती की येत्या गुरुवारी मिरजेला या, मी स्टँडवर उभा राहीन, डॉक्टर माझ्या ओळखीचे झाले आहेत. तुमचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघाला तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

तिसरा आणि खरा ता. क. काय कबूल केले ते दारामागच्या बायकांना ठाऊक होते. गुंडाने विचारले होते की उत्कर्षाचे सांगलीचे डी.एड.चे वर्ष राहिले आहे, ते लग्नानंतर तिला पुरे करू देणार का? त्यावर मी “मान्य हाय” म्हणालो, आणि झोपेत तुमची मान छातीवर पडली, ती गुंडाने होकार धरली. पोरगी आत हे ऐकून रडली म्हणे, आनंदाने. आपण दोघांनी जन्मभर जागेपणी विचार करून जे ठरवले त्यातले बरेच बिघडले. हे एवढे झोपेत ठरले आहे आणि सगळ्यांना पसंत आहे. आता जागे झाल्यावर त्याला पेचकस लावू नये, काटा जिथे आहे तिथेच राहू द्यावा.