आबा, तुमचं पाणी मी तोडलं

आबा,

काल मी अंथरुणातच घाण केली. म्हातारपणी लाज सोडावी म्हणतात, पण सुनेनं चादर बदलली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. "असू द्या हो, होतं असं," ती म्हणाली. तेव्हापासून तुम्ही डोळ्यांपुढून हलत नाही.

आणे जाऊन नवे पैसे आले, त्या सुमाराची गोष्ट. मी पुनावळ्याहून सायकल मारत पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात जायचो, आणि तुम्ही अर्धांगानं पडवीत पडून. आधी पाय गेले, मग शौचाचाही ताबा गेला. दिवसभर थोडं थोडं पातळ गळायचं. पवनेवर धोतरं धुऊन धुऊन आई टेकीला आली. हगवणच आहे, असं आम्ही ठरवून टाकलं. औषधाच्या कारखान्यात म्हणून घरात मला वैद्याचा मान! मी तिथं बाटल्या धुतो, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. कुड्याची साल उगाळून चाटवली, जायफळ दिलं, आणि पेज, पाणी सगळं तोडलं. आत कमी गेलं तर बाहेर कमी येईल, असं माझं शहाणपण.

ताईची सुपारी फुटायची त्या दिवशी, पाहुणे यायच्या आत, मी आणि काका तुम्हाला बाजेसकट गोठ्यात नेतो आहोत. काका बाहेर गेल्यावर तुम्ही माझं मनगट धरता.

"आरं, प्वाट दगडावानी झालंय. घोटभर पाणी दे."

"पुन्यांदा धोतर भरवायचं हाय व्हय? पाव्हण्याम्होरं?"

तुम्ही हात सोडलात. बाहेर पंगतीत मी आग्रह करकरून पाणी वाढत होतो. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंच नाही, आणि सुगीच्या आत गेलात.

आज नर्स आली होती. पोट चाचपून म्हणाली, "आजोबा, हे जुलाब नाहीत. आत मळाचा खडा अडकलाय, त्याच्या कडेनं पातळ झिरपतंय. जुलाब थांबवायचं औषध घेतलं तर आणखी घट्ट होईल." तिनं एनिमा देऊन मला मोकळं केलं. पाणी भरपूर प्यायचं, न्याहारी झाली की रोज जाऊन बसायचं, पायाखाली पाट घ्यायचा, असं सुनेला समजावलं. एवढंच होतं हो, आबा. मला रडू फुटलं. तिला वाटलं, दुखतंय.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, पण तुमच्यापासून एक लपवत नाही. जाताना तिनं विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का?" सून दारातच उभी होती.

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे कुणालाच नव्हता."