मौद्याचं टेंडर

७ फेब्रु., शनिवार
आज वर्गात फळ्यावर माझंच अंदाजपत्रक. नंदा मॅडम रिटायर्ड इंजिनिअर, आम्हा बायांना टेंडर भरायला शिकवतात. एकेका ओळीला खडूने टिक करत खाली आल्या नि थांबल्या. "सुनीता, पाणी कुठून आणशील?" लिहिलंच नव्हतं. एवढी वर्षं प्लॅस्टरची कामं घेतेय, पण दुसऱ्याच्या हाताखाली. पाणी त्याचं, बांबूची परांची त्याची. पाण्यालाही पैसे लागतात हे डोक्यातच आलं नाही.
सगळ्या हसल्या. मी पण. शेजारची मंगला तेवढी हसली नाही, गपचूप आपल्या कागदात पाण्याची ओळ घालत होती. मौद्याहून बसने येते, राखेच्या विटा पाडते. चांगली आहे.

१० फेब्रु.
ठेकेदार भाऊंचा फोन. मौद्याकडे एका अंगणवाडीच्या दुरुस्तीचं टेंडर निघालंय. "तीन भरणारे लागतात न गा. एक तुह्या नावानं भर. रेट मी सांगतो, अनामत माही. फक्त सपोर्टले."
म्हणजे हरण्यासाठी भरायचं. त्यांचा रेट कमी दिसावा म्हणून.
विचार करून सांगते म्हटलं. नवऱ्याला, राजूला सांगितलं तर म्हणाला, "भर न! आपलं काय जाते?" त्याचंही खरं. माझं प्लॅस्टर, त्याचं स्लॅबखालचं सेंट्रिंग, दोन्ही कामं भाऊंकडूनच येतात.
पण जाहिरात उघडून वाचली. काम लहान आहे. माझी ठेकेदारीची नोंदणी त्यात बसते. मग सपोर्टलाच काहून?

१२ फेब्रु.
राजूला न सांगता मौद्याला गेले. अंगणवाडीचा स्लॅब गळतो, भिंतीचं प्लॅस्टर पोपडे धरून सुटलंय, पोरं व्हरांड्यात बसतात. आत शिरले तर कोपऱ्यात मंगला! हातात टेप. माझ्याही हातात टेप. दोघी चोरी पकडल्यासारख्या उभ्या.
सेविकाबाई म्हणाल्या, "दोघी एकाच कामाले आल्या का वं?"
मग मंगलाच म्हणाली, "टोक धर न. एकटीनं लांबी येऊन नाही राहिली."
अख्खी इमारत मिळून मोजली. बस स्टॉपवर चहा. मी भाव काढायला लागले तशी तिने हात वर केला. "माप एक. भाव आपापला."

१४ फेब्रु.
वर्ग सुटल्यावर मॅडमला भाऊंचं सगळं सांगितलं. नाव सोडून. म्हणाल्या, "सपोर्टचं टेंडर म्हणजे लबाडीच. पण तुझं घर मला चालवायचं नाही, ठरव तूच."
रिक्षा स्टँडवरूनच फोन लावला, घरी गेले असते तर लावला नसता. "भाऊ, मी टेंडर भरून राहिली. पण माह्या रेटनं."
भाऊ म्हणाले, "मोठी झाली तू." कट.
राजूला रात्री सांगू… जेवणं झाल्यावर.
सांगितलं. पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपला.

१७ फेब्रु.
राजूला भाऊंनी साइटवरून काढलं. सामान उचलून न्या म्हणाले. दुपारीच घरी आला, सेंट्रिंगच्या पाट्या अंगणात आपटल्या. "झालं समाधान?"
मी पाट्या उचलून भिंतीला रचून ठेवल्या.

१८ फेब्रु.
भरलं. मॅडमच्या लॅपटॉपवर, माझ्या डिजिटल सहीने. बटणावर बोट ठेवलं. वाटलं, आताही मागे घेता येईल. मग दाबलंच. घरी कोणी विचारलं नाही.

२५ फेब्रु.
पहिला लिफाफा उघडला, कागदपत्रांचा. स्क्रीनवर तीन नावं: भाऊ, मंगला, मी. तिघंही पास! भाऊले तीन पाहिजे होते, तीन झाले. मंगलाचा फोन आला, नुसतीच हसत होती. सोमवारी दराचा लिफाफा. तिचा भाव माझ्यापेक्षा कमी असेल का? विटा तिच्या घरच्या. असू दे. नसू दे.

२८ फेब्रु., शनिवार
राजू चार दिवस कुठे कुठे फिरत होता. आज आला नि चपला न काढता दारातच उभा. काटोलला एका संत्रा व्यापाऱ्याला पॅकिंग शेड बांधायचंय, स्लॅबसकट. कोणाच्या हाताखाली नाही, सरळ. पण तो म्हणतो, खर्च लिहून द्या.
"हे कागदावर कसं बसवतात वं?"
इतक्या दिवसांत पहिलं धड वाक्य. भाकरी तव्यावरच राहिली.
"माप आणलं का?"
"नाही. सोमवारी या म्हणे." मग एकदम आठवून, "पण सोमवारी तर तुहं उघडणार आहे न?"
"ते ऑनलाइन उघडते. काटोललेबी मोबाईल चालते."
हसला. थोडासाच. सोमवारी सकाळची पहिली बस कितीची, ते बघायला गेलाय.