भुऱ्या पंधरा दिवसात सुधारतो

४ जून, सकाळ
भुऱ्यानं ओट्यावरच्या पाच तळलेल्या मासोळ्या खाल्ल्या. काटेही ठेवले नाई. ताटली चाटून लख्ख केली, तेवढंच एक काम वाचलं.
आमच्या पोरीची, करिष्माची, कॉलेजची जुनी वही घेतली, अर्धी कोरी आहे. रोज लिहीन. पंधरा दिवसात हा कुत्रा सरळ नाई केला तं नाव लावणार नाई. मी चौथी शिकली. पण अक्कल शाळेत थोडीच वाटतात.
१९ तारखेले अंगणवाडीच्या स्वाती मॅडम येतात. मुलायची खिचडी बचत गटातल्या कोणाच्या घरी शिजवायची, ते ठरवायले. दोनच घरं आहेत. एक माझं : नवीन घरकुल, कडप्प्याचा ओटा, उभं राहून स्वयंपाक. दुसरं रुखमाबाईचं : मातीची चूल, जमिनीवर. यात पाहाचं काय आहे ते मॅडमलेच माहीत.

५ जून
रुखमाबाई आली, न बोलवता. म्हणते, बाई, आमी चुलीपाशी बसून रांधतो. बसल्या बाईच्या पुढून कुत्रा नेत नाई. उभी बाई दिसली की त्याले समजते, ही आता इथून जाते. मी म्हटलं, तुमचे गुडघे धरले म्हणून तुमच्यानं उठवत नाई, त्याचं शास्त्र नका बनवू.

तेच, संध्याकाळी
करिष्माच्या बापाले म्हटलं, भुऱ्याले बाहेर बांधा. तं म्हणते, शेजारच्या नानाजीचा कुत्रा मागच्या महिन्यातच बिबट्यानं नेला ना. मी म्हटलं, मग बिबट्याले आपलाही पत्ता द्या. तं हा माणूस उठून भुऱ्याची मान खाजवत बसला. माझी मान वीस वर्षात एकदाही दुखली नसंल.

७ जून, सकाळ
ओट्याच्या काठाले भिवापुरी तिखट लावलं. एकदा तोंड पोळलं की जन्माचा शहाणा.

७ जून, दुपार
त्याच काठावर हात टेकला आणि मग डोळे चोळले. दीड तास बादलीत तोंड घालून होती. तेवढ्यात भुऱ्यानं भाकर नेली, तिखटासकट. वरून पाणी पिला आणि आणखी आहे का म्हणून आला. करिष्मा म्हणते, आई, त्याले झणझणीत आवडते वाटते. कॉलेजात हेच शिकवतात.

९ जून
काठाशी सहा थाळ्या रचल्या, सगळ्यात वर अंबाडीची भाजी. ओढली की धडाम. धडाम झालंही. गल्ली जमा झाली, कोणाले वाटलं सिलिंडर. भुऱ्या घाबरून खाटेखाली गेला. मंग खाली भाजी सांडली दिसली तं परत आला.
आता शेजारी कोणाची थाळी वाजली की शेपूट हलवत तिकडं पळते. म्हणजे शेजारचेही सावध झाले. फायदाच.

११ जून
सापडलं! आज ओट्यावर चढून बसला होता. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. दाखवला, म्हटलं, उतर. उतरला! तुकडा देऊन टाकला. थोड्या वेळानं परत चढला, परत उतर म्हटलं, परत उतरला. दिवसात चार वेळा ऐकलं. जनावराले प्रेमानं घ्या लागते, हे मी पहिल्यापासून म्हणून राह्यली.

१३ जून
नऊ वेळा उतरला.

१४ जून
अकरा. करिष्माचा बाप जेवता जेवता म्हणते, अवं, उतरायसाठी आधी चढा लागते ना.
आठ दिवस तोंड शिवून होता आणि बोलला ते हे. म्हटलं, तुमी भात खा.

१६ जून
सतरा वेळा! पहिले हाड म्हटलं तं कान हलवत नव्हता. आता मी नुसती ओट्याकडं गेली की आपणच वर चढते आणि हुकमाची वाट पाहते. पोलिसायचे कुत्रे असेच असतात. रोज चार भाकरी जास्ती लागून राह्यल्या, हे खरं. शिक्षण फुकट होते का कुठी?

१८ जून
करिष्माचा बाप म्हणते, उद्याच्या दिवस भुऱ्याले शेतावर नेतो. म्हटलं, काऊन? लपवायचं काय आहे? मॅडम पाहू दे. रुखमाबाईलेही निरोप दिला, येऊन पाहा म्हणून.

१९ जून, दुपारी दोन
मॅडम आल्या. गरम खिचडी ओट्यावर होती. भुऱ्या चढला. मी म्हटलं, उतर. उतरला. तुकडा दिला आणि मॅडमकडं पाहिलं. त्या पर्स छातीशी धरून दारातच. वाटलं, नीट दिसलं नाई. म्हणून परत दाखवलं. परत. परत.
पाचव्या वेळी हातातली भाकर सरली. भुऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. हाताकडं पाहिलं. मंग खिचडीत तोंड घातलं.
मॅडम म्हणतात, ताई, हा कुत्रा रोज इथं चढतो का?
म्हटलं, चढतो काय म्हणता, उतरतो! दिवसाले सतरा वेळा!
त्यायनं कागदावर काहीतरी लिहिलं. सतरा नाई लिहिलं, मी वाकून पाहिलं. रुखमाबाई मागं उभी होती, पदर तोंडावर. त्या मॅडमले जनावरातलं काही समजत नाई.

२० जून
मुलायची खिचडी रुखमाबाईच्या घरी.
गटाचा मोठा गंज, खिचडी शिजवायचं पातेलं, माझ्याकडं; तो मागायले ती सकाळीच आली. हसली नाई. हसली असती तं बरं होतं, दोन शब्द सुनावता आले असते.
गंज वरच्या फळीवर होता, हात पुरेना. ओट्यावर चढली, काढला, तिच्या हातात दिला. ती गेली. मी खाली उतरली.
करिष्माच्या बापानं भाकरीचा तुकडा पुढं केला.
भुऱ्या पाहून राह्यला होता. मीच खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.