आकाशपाळण्यापाशी

शहापूर, मंडईचा दिवस, दिवाळीनंतर, १९८२

सुशीनं सांगितलं होतं, मंडईच्या जत्रेत आकाशपाळण्यापाशी उभी राहीन, दिवस बुडायच्या आत ये. आज संध्याकाळच्या बसनं ती मामासंगं दुर्गला जाणार होती, तिथंच तिचं लग्न. आणि मी? पानठेल्यावर रेडिओवरचा विज्ञानाचा कार्यक्रम ऐकत बसलो. आभाळात कुठंतरी गॅमा किरणांचा भडका उडतो म्हणे, काही क्षणांचाच. उपग्रहाला तो कळतो, पण जागा शोधून दुर्बीण वळवेपर्यंत तिथं काहीच उरत नाही.

"काहून बे, पान खायले आला का रेडिओ?" ठेलेवाला हसला, तेव्हा भान आलं.

पळालो. पाळण्यापाशी फक्त तिची मैत्रीण. म्हणाली, "आता येऊन राहिला काय? थे त गेली. कितीक वेळ तुही वाट पाहून राहिली होती."

वेळेवर पोचलो असतो तर 'जाऊ नको' म्हटलं असतं का मी? कोण जाणे.

दुर्बीणवाले त्या रिकाम्या जागेकडेही बघत राहतात, मागं थोडी धग सापडेल म्हणून. मी पाळण्यात बसलो. वर गेलं की दुर्गची सडक दिसायची. बसचा लाल दिवा शोधायचो, तोवर पाळणा खाली. वर तो थांबतच नव्हता.